कवळीताईंचं छप्पर

कवळीताई हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे उघडच आहे. पण गल्लीत त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारलेली कुणाला आठवत नाही. बत्तीस वर्षं त्या घराच्या खालच्या पुढच्या खोलीत बसून लोकांचे दात बनवत आल्या. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा घेऊन पाठवायचे. ताई त्यात प्लॅस्टर ओतायच्या, साचा सुकला की त्यावर मेणाची हिरडी चढवायच्या, मेणात एकेक दात उभा करायच्या आणि मग कवळी पक्की करून, घासूनपुसून, चकचकीत करून परत धाडायच्या. पेशंटची नि त्यांची गाठ कधी पडत नसे. पण बाजारात एखादा म्हातारा खदखदून हसला की त्या मान वाकडी करून त्याच्या तोंडात बघायच्या आणि घरी येऊन बहिणीला सांगायच्या, "आज माझं काम हसताना बघितलं."

बहीण म्हणजे अक्का, त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी. जन्मभर टेलिफोन ऑफिसात नोकरी करून निवृत्त झालेली, जिभेनं तिखट आणि छातीनं नाजूक. दोघींचीही लग्नं झाली नाहीत. कुणी कारण विचारलंच तर अक्का म्हणायची, "स्थळं यायची हो. पण हिच्या टेबलावरचे जबडे बघून चहा न पिताच उठायची."

घर छोटं. खाली दोन खोल्या, वर दोन. खाली प्लॅस्टरची भुकटी नि घासण्याची धूळ, म्हणून अक्काची खाट वरच्या खिडकीपाशी. तिच्या दम्याला तीच जागा मानवायची. छप्पर जुन्या कौलांचं होतं. कौलं सरकायला लागली, वासे कुजायला लागले, तेव्हा ताईंनी ठरवलं की एकदाच काय ते नीट करून घ्यायचं आणि पुढची चिंता मिटवायची.

नीट म्हणजे किती नीट, तर त्यांनी चार जणांना भेटून त्यातला परवाना असलेला कंत्राटदार निवडला आणि तेवढ्यावर न थांबता परवाना कार्यालयात जाऊन खात्री केली. तिथल्या कारकून बाईंनी रजिस्टर उघडून दाखवलं. नाव, नंबर, मुदत, सगळं जागच्या जागी. ताईंच्या जिवाला तेवढ्यानं बरं वाटलं. कागदावर ज्याचं नाव आहे तो माणूस आपल्याला तोंडघशी पाडणार नाही, असं मानणाऱ्यांपैकी त्या होत्या.

कंत्राटदार धिप्पाड होता आणि बोलायला असा लाघवी, की आपल्याच घरात वाढला असावा. "ताई, हे पत्रे एकदा बसले की छप्पर विसरून जा," तो म्हणाला. "पंचवीस वर्षं वर बघायचं कामच नाही." नऊ दिवसांत कौलं उतरली आणि लाल पत्रे चढले. अक्का अंगणात खुर्ची टाकून बघत होती. म्हणाली, "घरानं टोपी घातली गं. आता शेजारी ओळख देतील की नाही कोण जाणे."

चौथ्या महिन्यात अक्काच्या उशीवर पहिला थेंब पडला.

ताईंनी फोन केला. कंत्राटदार लगेच आला. खोलीच्या मधोमध उभा राहून त्यानं वर बघितलं, भिंतीला हात लावला आणि म्हणाला, "ताई, हे गळणं नव्हे. घराला घाम येतोय. पत्रा थंड, आतली हवा गरम. खिडकी उघडी ठेवत जा."

अक्का खाटेवरून म्हणाली, "पाऊस पडला की मगच घाम येतो, असं घर मी पहिल्यांदा बघतेय."

तो मोठ्यानं हसला आणि गेला. खिडकी उघडी ठेवली तर पाऊस दोन्हीकडून आत येऊ लागला. पुढच्या फोनवर त्यानं एक माणूस पाठवला. तो वर चढून कसलासा चिकट लेप पिळून आला. लेप दोन पाऊस टिकला. तिसऱ्या फोनला कंत्राटदार बाहेरगावी होता, चौथ्याला मीटिंगमध्ये आणि त्यानंतर फोन नुसता वाजत राहायचा. ताई त्याच्या ऑफिसात जाऊन बसू लागल्या. बाहेरच्या बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन. ऑफिसातली मुलगी पाणी द्यायची, "साहेब येतीलच," म्हणायची, आणि साहेब काही यायचे नाहीत. असे अकरा हेलपाटे झाले. आयुष्यात कुणाशी आवाज चढवून बोलल्या नव्हत्या त्या ताई, बाराव्या खेपेला त्या मुलीवर इतक्या ओरडल्या की बिचारी रडायला लागली. घरी येईस्तोवर ताईंना स्वतःचीच लाज वाटत राहिली.

वरच्या खोलीत आता दोन बादल्या, एक परात आणि तीन पातेली असायची. स्वयंपाकाला भांडं उरेना. भिंतीला काळे ठिपके धरले, गादीला कुबट वास धरला आणि अक्काचा खोकला हटेना.

शेवटी ताईंनी एका जुन्या पत्रेवाल्या आजोबांना शोधून आणलं. सत्तरीचा माणूस, पण शिडीवर मांजरासारखा चढला. पाऊण तास वर होता. खाली आले ते हात झटकतच.

"पत्रा दिसतो कसा? लाटेसारखा. बरोबर?" तळहात वरखाली करत ते म्हणाले. "पाणी लाटेच्या खोलगट भागातून वाहतं. म्हणून स्क्रू मारायचा तो उंचवट्यावर. यांनी सगळे खोलगटात मारलेत. म्हणजे जिथून पाणी वाहतं नेमकं तिथंच भोक. निम्म्यांना खाली रबर नाही. एक पत्रा दुसऱ्यावर वीतभर तरी चढवावा लागतो, तो इथं चार बोटंसुद्धा नाही. आणि भिंतीच्या सांध्याला पट्टी खोबणी करून आत बसवतात, ती नुसती वरून चिकटवलीय."

"म्हणजे दुरुस्ती कुठं करायची?"

"कुठं म्हणून करणार बाई? सगळंच उतरवून पुन्हा घालायला हवं."

"मग तुम्ही घाला."

आजोबा म्हणाले, "मी आज एक स्क्रू काढला, तर उद्या तो म्हणेल, या म्हाताऱ्यानं बिघडवलं. तुम्ही आधी तक्रार करा. निकाल लागेपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका. अगदी मलासुद्धा."

तक्रार झाली. सहा पानी अर्ज, फोटो, पावत्या. कारकून बाई त्याच होत्या, ज्यांनी रजिस्टर दाखवलं होतं. त्यांनी अर्जावर शिक्का मारला आणि आजोबांचंच म्हणणं सरकारी भाषेत ऐकवलं. तपासणी होईपर्यंत कामात कोणताही बदल करू नये.

"तपासणी कधी?"

"नंबर लागला की."

नंबर लागायला सात आठवडे लागले आणि त्या सात आठवड्यांत ताईंचं होतं नव्हतं ते सगळं भिजलं. छप्पर त्यांचं, घर त्यांचं, वर गळक्या जागी नुसती ताडपत्री टाकायची तरी बंदी. दारातूनच दिसायचं की कुठून येतंय, कसं येतंय, आणि हात बांधून बघत बसायचं. शेजारीण म्हणाली, "टाका हो गुपचूप, कोण बघतंय?" पण ताईंना भीती वाटायची. केस बिघडली तर मग देवसुद्धा वाचवणार नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

अक्काला खाली आणणं भाग पडलं. तिची खाट पुढच्या खोलीत लागली, कामाच्या टेबलापासून दोन हातांवर. आता दात घासावेत तर धूळ अक्काच्या छातीत, आणि घासू नयेत तर कवळ्या पडून. ताई अक्काला स्वयंपाकघरात बसवून, दार लावून तासभर काम उरकायच्या, मग सगळं ओल्या फडक्यानं पुसून तिला परत आणायच्या. दिवसातून तीन वेळा ही वरात. अक्का म्हणायची, "मी काय कवळी आहे का गं, काढ-घाल करायला?" पण म्हणताना तिला मध्येच थांबून श्वास घ्यावा लागायचा, आणि मग विनोदावर कुणीच हसायचं नाही.

वरचं पाणी भिंतीतून झिरपत खाली उतरलं. कपाटातल्या प्लॅस्टरच्या गोणीनं ओल ओढली. ताईंना ते कळलं तेव्हा उशीर झाला होता.

एक निवृत्त शिक्षिका दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात रुमालात गुंडाळलेली कवळी, तोंडावर हात. पेशंटनं असं घरी येणं बत्तीस वर्षांत घडलं नव्हतं. "डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आले," त्या हाताआडून म्हणाल्या. "बसतच नाही हो. नातीला गोष्ट वाचून दाखवायला घेतली तर सुटून पुस्तकावर पडली. ती हसली. लहान आहे, हसणारच. पण मला फार वाईट वाटलं."

ताईंनी कवळी साच्यावर ठेवून बघितली. साच्यावर बरोबर बसत होती. म्हणजे चूक साच्यातच होती. ओलसर भुकटीचा साचा जमताना नखभर वेडावाकडा झाला होता. त्यांनी बाईंची क्षमा मागितली, नवी गोणी आणली, रात्रंदिवस खपून दुसरी कवळी केली. ती बसली. पण तोवर आणखी तीन कवळ्या परत आल्या होत्या. डॉक्टर फोनवर सौम्यपणे म्हणाले, "ताई, घरचं निस्तरेपर्यंत थोडी विश्रांती घ्या. मी सध्या दुसरीकडे देतो काम." ताईंनी फोन ठेवला आणि रिकाम्या टेबलासमोर बसून राहिल्या. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना.

तपासनीस आला तो लख्ख कोरड्या दिवशी. वर बघून म्हणाला, "आज तर गळत नाहीये."

"पाऊस नाही ना साहेब आज. मी वर पाणी ओतून दाखवू?"

"तसं नियमात नाही बाई."

ताईंचा धीर तिथंच सुटला. त्या जिन्याच्या पायरीवर मटकन बसल्या आणि म्हणाल्या, "साहेब, मग मी काय करू ते तरी नियमात बघून सांगा." तपासनीस तसा वाईट माणूस नव्हता. त्यानं भिंतीवरची बुरशी बघितली, आतून अक्काचा खोकला ऐकला आणि वही मिटली. "पुढच्या मंगळवारी येतो. कंत्राटदारालाही नोटीस काढतो. तो समोर असताना एकेक जोड वर जाऊन बघू."

मंगळवारी कंत्राटदार आला. नोटीस आल्यावर न येऊन सांगतो कुणाला? शिडी लागली. तपासनीस म्हणाला, "चला, तुम्ही पुढं व्हा. मी मागून येतो."

"माझा माणूस दाखवेल ना साहेब."

"परवाना माणसाच्या नावावर आहे की तुमच्या?"

कंत्राटदारानं शिडीला हात लावला. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. चौथीवर तो थांबला. तपासनिसाला तेवढ्यात फोन आला, म्हणून तो फाटकाकडे गेला. अंगणात ताई एकट्या. त्यांनी बघितलं की एवढा मोठा देह पानासारखा थरथरतोय, बोटं शिडीला आवळून पांढरी पडलीत आणि मानेवरून घामाचे ओघळ चाललेत. त्याला वरही जाता येईना, खालीही येता येईना.

"पाय खाली ठेवा," ताई म्हणाल्या. "डावा. हां. आता उजवा." त्यांनी शिडी धरली. तो उतरला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

"सहा वर्षांपूर्वी पडलो, ताई," तो म्हणाला. आवाजातला सगळा लाघवीपणा निघून गेला होता. "दोन मजल्यांवरून. हाडं जुळली, पण तेव्हापासून चढता येत नाही. तीन पायऱ्यांवर गेलो की डोळ्यांपुढं जमीन येते. माणसं वर जातात, खाली येऊन सांगतात, झालं साहेब. मी त्यांच्या तोंडाकडे बघून ओळखायचं."

"आणि आमचं छप्पर?"

"नाही बघितलं. सहा वर्षांत एकही नाही बघितलं." त्यानं हात जोडले. "हे त्यांना सांगू नका. मी चांगली माणसं पाठवतो. सगळं उतरवून पुन्हा घालून देतो. फक्त हे लिहू नका."

"चांगलं झालंय हे तुम्हाला कोण सांगणार? तीच माणसं?"

तपासनीस परत आला, कंत्राटदाराकडे एकवार बघून स्वतःच वर चढला आणि तासभर फोटो काढत राहिला.

त्या संध्याकाळी ताईंनी अक्काला सगळं सांगितलं. "मला त्याची कीव आली गं. वाटलं, गप्प बसावं. निदान छप्पर तरी होईल."

अक्का म्हणाली, "कीव मलाही येते. पण सहा वर्षांत त्यानं किती घरं झाकली असतील? तिथंही कुणीतरी परात लावून बसलं असेल. त्यांना वाटत असेल, घराला घाम येतोय."

सुनावणीच्या टेबलापलीकडे तिघेजण होते. तपासनिसाचा अहवाल वाचला गेला. आजोबांनी सांगितलं होतं तेच, फक्त आकड्यांसकट. मग मधल्या बाईंनी ताईंना विचारलं, "काम चालू असताना कंत्राटदार स्वतः वर जाऊन पाहणी करत होते का?"

कंत्राटदार समोरच्या खुर्चीत मान खाली घालून बसला होता. ताईंना त्याच्या डोक्यावरचा टकलाचा गोल तेवढा दिसत होता. मग त्यांनी सांगितलं. शिडी, चौथी पायरी, सहा वर्षं, सगळं सांगितलं. बोलताना त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. "खरं आहे का?" असं विचारल्यावर त्यानं नुसती मान डोलावली.

निकाल पंधरा दिवसांनी आला. काम सदोष. देखरेख नाही. परवाना रद्द. ताईंनी कागद दोनदा वाचला, उलटून मागची बाजू बघितली आणि कार्यालय गाठलं.

"यात दुरुस्तीचं काहीच नाही," त्या कारकून बाईंना म्हणाल्या.

"नसणारच. ज्याचा परवाना रद्द झाला, त्याला काम करायचा आदेश कसा देणार? भरपाई हवी असेल तर दिवाणी दावा लावावा लागेल."

"म्हणजे मी जिंकले ना?"

"जिंकलात की," बाई म्हणाल्या. आणि मग ताईंचा चेहरा बघून त्यांनी उगीचच टेबलावरचे कागद सारखे केले.

घरी येऊन ताई पिशवीसकट खाली जमिनीवर बसल्या आणि इतक्या महिन्यांत रडल्या नव्हत्या त्या रडल्या. गप्प बसले असते तर निदान पत्रे तरी पुन्हा बसले असते, बरे किंवा वाईट. खरं बोलून पदरात काय पडलं, तर एक कागद. अक्कानं त्यांना ऊठ म्हटलं नाही. खाटेवरून हात लांबवून ती त्यांच्या केसांवर थोपटत राहिली.

त्याच आठवड्यात अक्काला मध्यरात्री दवाखान्यात न्यावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "त्या घरात परत नेऊ नका. कोरडी जागा बघा." कोरडी जागा म्हणजे मामेबहिणीचं घर, गाडीनं आठ तासांवर. ताईंनी अक्काची बॅग भरली. वरच्या कपाटातल्या साड्यांवर डाग पडले होते, त्यातल्या बऱ्या निवडल्या. गाडी सुटताना अक्का खिडकीतून म्हणाली, "छप्पर झालं की कळव. टोपी मात्र दुसऱ्या रंगाची घे."

आता कुणाचीच बंदी नव्हती. पत्रेवाले आजोबा आले, पण सगळं उतरवण्याएवढे किंवा दावा लावण्याएवढे पैसे ताईंच्या गाठीला उरले नव्हते. दोघांनी मिळून जिन्यावरचं आणि पुढच्या बाजूचं छप्पर धड केलं, त्यासाठी मागच्या बाजूचे, अक्काच्या खोलीवरचे चांगले पत्रे काढून घेतले. तिथं ताडपत्री बांधली. आजोबांनी मजुरीचं नाव काढलं नाही. वरच्या खोलीचं दार ताईंनी ओढून घेतलं. दातांच्या डॉक्टरांनी महिन्याला दोन कवळ्या पाठवायला सुरुवात केली, मग चार. गोणी आता पत्र्याच्या डब्यात, झाकण घट्ट लावून ठेवलेली असते.

कंत्राटदाराच्या ऑफिसाला कुलूप आहे. ताई त्या रस्त्यानं जायचं टाळतात. एकदा नाइलाजानं गेल्या, तेव्हा बाक अजून बाहेरच होता आणि त्यावर एक अनोळखी बाई मांडीवर कागदांची फाइल घेऊन बसली होती. ताई थांबल्या. "ते आता येणार नाहीत," म्हणाल्या.

"पण माझं छप्पर..."

ताई तिच्याशेजारी बसल्या. परवाना कार्यालय कुठे आहे, अर्ज कुठला घ्यायचा, फोटो कुठून काढायचे, सगळं सांगितलं. पुढं काय होतं ते सांगायला मात्र त्यांची जीभ रेटेना.

चार महिन्यांनी त्या अक्काला भेटायला गेल्या. अक्काच्या गालांवर मांस चढलं होतं. मामेबहिणीच्या नातवंडांना ती टेलिफोन ऑफिसातल्या नकला करून दाखवत होती आणि एका दमात तीन वाक्यं बोलत होती. दुपारी पाऊस आला. ताई खाटेच्या कडेला बसल्या होत्या. त्यांची नजर छताकडे गेली ती खाली येईना.

"काही होत नाही गं," अक्का म्हणाली. "आडवी हो जरा."

ताई आडव्या झाल्या. बऱ्याच वेळानं अक्का हळूच म्हणाली, "छोटे, रागावू नकोस. पण मी आता इथंच राहते. मला तिथं परत यायची भीती वाटते."

ताईंना हे ऐकायचं नव्हतं, आणि आल्यापासून त्यांना ते माहीतही होतं. "बरं," त्या म्हणाल्या. मग कुशीवर वळून त्यांनी अक्काचा हात घट्ट धरला आणि पाऊस थांबेपर्यंत सोडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या परत निघाल्या. कुणातरी आजोबांचा खालचा जबडा सोमवारपर्यंत द्यायचा होता.